जोडाच्या शेजारी

आमच्या रिसालीच्या गल्लीत तुटलेली लोखंडी वस्तू कोणी भंगारात देत नसे. ती आमच्या दारात यायची. कूलरचा स्टँड, सायकलचं कॅरिअर, फाटकाची बिजागरी, शेजारच्या तेलुगू काकूंची पापड वाळवायची खाट. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये वेल्डर होते. निवृत्तीनंतर ते सुपेल्यात एका मित्राच्या वेल्डिंगच्या दुकानात हौसेनं जाऊन बसायचे. नुसतं जोडून ते थांबत नसत. ग्राइंडर फिरवून जोड इतका साफ करायचे की हात फिरवला तरी कळू नये. ‘तुटलं होतं हे लोकाईले दिसलं, तं मंग जोडलं काय?’ हे त्यांचं तत्त्व. लहानपणी मला ते फार थोर वाटायचं.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट कधी फेकली जात नसे, ती म्हणजे पत्रकं. प्लांटच्या गेटवर युनियनवाले वाटायचे ती, डब्याच्या पिशवीतून घरी आलेली, वरणाचा डाग पडलेली. हिंदी वाचायला मी त्यांतूनच शिकले. ‘साथियो’ हा बहुधा मी वाचलेला पहिला हिंदी शब्द. ठेक्यावरच्या मजुरांना हेल्मेट का नाही, गॅस लागला तेव्हा अँब्युलन्स कुठे होती, कँटीनची डाळ पाण्यासारखी का, असल्या प्रश्नांवर मी वाढले. बाबा मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि मी अडखळले की म्हणायचे, “पुन्हा वाच. हे लिवणाऱ्यानं नोकरीवर पाणी सोडून लिवलं आहे.” त्यामुळे माझी एक पक्की समजूत झाली. एखादी गोष्ट खरी असेल, ती साध्या शब्दांत लिहून लोकांच्या हातात दिली, तर लोक ती करतातच. पुढे मी बी.एस्सी. केलं, एका कोचिंगमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवू लागले, तरी ही समजूत गेली नाही.

माझा धाकटा भाऊ हथखोजच्या एका लहान कारखान्यात कामाला. तिथं शेडचे लोखंडी गर्डर बनतात. गर्डरला साखळी बांधायची, साखळी क्रेनच्या हुकात अडकवायची, वर बसलेल्या क्रेनवाल्याला हातानं इशारा करायचा आणि गर्डर हवेत गेला की त्याला धरून दिशा द्यायची, हे त्याचं काम. उचललेल्या वजनाखाली उभं राहायचं नाही असा नियम आहे. पण गर्डर हवेत फिरतो. लांबून दोरीनं तो आवरायला वेळ लागतो. वेळ तिथं कोणाकडेच नसतो, म्हणून माझा भाऊ दिवसभर साखळीच्या खाली उभा असतो.

मला हे माहीत होतं ते ऐकून. ती जागा आणि ती साखळी डोळ्यांनी पाहिली ती विश्वकर्मा पूजेला.

त्या दिवशी आमच्याकडे सगळी मशीन बंद असतात आणि घरच्यांना कारखान्यात आत जाता येतं. वर्षभर फाटकाबाहेर थांबणाऱ्या बायका नवी साडी नेसून लेथ मशीन पाहत फिरतात. पूजेच्या आधी सगळं धुऊन, पुसून, रंगवून काढतात. क्रेनला पिवळा रंग, लेथला हिरवा, साखळ्यांना आणि हुकांना चंदेरी. मग झेंडूचे हार, कुंकवाची बोटं, नारळ, बुंदी.

आई, बाबा आणि मी भावाच्या कारखान्यात गेलो. फोरमन वाकून बाबांच्या पाया पडला. बाबा खूश. आई बुंदीच्या रांगेत लागली आणि भाऊ मला क्रेनखाली घेऊन गेला. तिथं खुंट्यांवर चंदेरी साखळ्या टांगल्या होत्या. त्यातली एक त्यानं दोन्ही हातांनी उचलून दाखवली.

“ताई, हे पाह्य. बाबाईचा जोड आहे हिच्यात.”

“कसला जोड?”

“एका कडीले खाच पडली होती. मोठी. नवी साखळी यायले टाइम होता न् काम अटकून राहिलं होतं. मंग बाबानं ते कडी कापली, शेवटून तीन कड्या काढून त्यातली एक मधात टाकली, न् दिलं जोडून. फोरमन तं पाहतच राहिला.”

“साधं लोखंड आहे?”

“साध्या लोखंडानं काय होते वो? अलॉयची आहे. केवढीशी दिसते, पण उचलते किती ते पाह्य.”

मी त्याच आठवड्यात वर्गात धातूंचा बंध शिकवत होते. नसते शिकवत, तर कदाचित मीही बुंदी खाऊन घरी आले असते.

धातूत अणू थराथरांनी रचलेले असतात आणि त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या मालकीचे नसतात. ते सगळ्यांमधून फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. हा धडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झालेला आनंद केवळ पत्रकांवर वाढलेल्या माणसालाच कळेल. मालकी नसलेली एक तरी जागा निसर्गात निघाली! एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी बंध तुटत नाही. म्हणून लोखंड वाकतं, लांबतं, ठोकलं की पसरतं. मिठाचा खडा ठोकला तर त्याचा चुरा होतो. आता शुद्ध धातूत वेगळ्या आकाराचे अणू घुसवले की थर सहज सरकेनासे होतात आणि धातू कडक होतो. हा झाला मिश्रधातू, म्हणजे अलॉय. पण साखळीचं पोलाद नुसतं मिसळून होत नाही. ते तापवतात, झटक्यात निववतात, मग पुन्हा बेतानं तापवतात. कडकपणा आणि लवचीकपणा यांचा मेळ तिथं बसवलेला असतो.

अशा कडीवर वेल्डिंग केलं की हा मेळ मोडतो. जोडाच्या शेजारची जागा लाल होते आणि बाजूचं थंड पोलाद तिची उष्णता पटकन ओढून घेतं. ती पट्टी अतिकडक होऊन बसते, काचेसारखी. साधं लोखंड तुटण्याआधी वाकतं, लांबतं, खाली उभ्या माणसाला सरकायला वेळ देतं. ती पट्टी काही सांगत नाही.

“ही साखळी काढून टाका,” मी भावाला तिथंच म्हणाले.

“कावून?”

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, साखळी खुंटीवर परत टांगली आणि म्हणाला, “आज पूजा आहे, ताई. आज तरी कोणाले काही नको सांगू.”

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते पायजम्यात बसून चहा पीत होते, अजून खुशीत.

“बेटा,” ते म्हणाले, “तू लोखंड वाचलं आहे. मी लोखंड जोडलं आहे.”

“प्लांटमध्ये कधी अलॉयची साखळी जोडली होती तुम्ही?”

“तिथं जोडूच देत नोहते. थोडी खराब झाली का कापून फेकून देत. सरकारी माल ना! साहेबाईच्या बापाचं काय जाते?”

“का फेकत होते ते विचारलं कधी?”

“त्यात विचारायचं काय आहे? धानाच्या बांधीतून आलेला माणूस मी. मले पाहवत नोहतं. अशी चांगली चांगली साखळी, एका कडीसाठी भंगारात.”

इथं माझं डोकं फिरलं आणि अजूनही फिरतं. इतकी वर्षं ते पाहत होते की जोडता येणारी वस्तू मुद्दाम तुकडे करून टाकली जाते. ज्या माणसानं मला प्रत्येक पत्रकाखाली ‘का’ विचारायला शिकवलं, त्याच्या मनात या एका गोष्टीबद्दल ‘का’ आला नाही. त्यानं उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. साहेब उधळे आहेत. साहेबांबद्दलचं त्याचं बाकी म्हणणं बरोबर होतं, म्हणून हेही बरोबर असणार. आमच्या गल्लीतल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. काटकसर म्हणजे आमच्याकडे धर्म. नियम म्हणजे साहेबांचा नखरा.

मी आईचे केसांचे आकडे आणले. एक पकडीत धरून गॅसवर लाल केला आणि पाण्यात बुडवला. चुर्र झालं. दुसरा लाल करून हळूहळू आचेवरून बाजूला घेतला, तसाच निवू दिला. मग पहिला वाकवला. कट्कन तुटला. दुसरा वाकवला. सुतासारखा वाकला.

“एकच तार आहे, बाबा. फक्त निववलं वेगळं.”

“माहे आकडे कायले मोडून राहिली?” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

बाबांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन पाहिले. “मस्त आहे,” ते म्हणाले. “पोराईले दाखव वर्गात. पण साखळी का आकडा आहे?”

मी वर्गात दाखवलंही. सगळी मुलं पुढे सरकली, दोघातिघांनी व्हिडिओ काढला. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “मैडम, इसमें से पेपर में क्या आएगा?”

दोन दिवसांनी कोचिंग बुडवून मी हथखोजला गेले. फोरमन सभ्य माणूस. त्यानं खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं, अगदी केसांच्या आकड्यांसकट. तो मान डोलवत होता.

“मैडम, हमने ऐसे ही थोड़ी लटका दी। जोड़ने के बाद पूरा लोड टाँग के देखा। सुबह से शाम तक। हिली तक नहीं।”

“टांगलेला लोड आणि झटका यात फरक आहे. रोज उचलता, ठेवता, ओढता. एखाद्या दिवशी...”

मी मराठीत बोलत होते हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्याला जेवढं कळलं तेवढ्यावर तो हसला.

“और जोड़ा किसने है? आपके पापा ने। भिलाई में उनके वेल्डिंग से बड़ी गारंटी किसी के पास है क्या?”

माझ्या बापाचं नावच तिथं प्रमाणपत्र म्हणून टांगलेलं होतं. मी खुर्चीवरून उठले तेव्हा क्रेन एक गर्डर घेऊन चालली होती आणि गर्डरच्या एका टोकाला दोन्ही हात लावून माझा भाऊ उलटा चालत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग मी पत्रक काढलं. मला दुसरं येतं काय? हिंदीत, एका पानाचं. सुरुवात केली: साथियो, जिस चेन के नीचे आप खड़े हैं, उसे एक बार देखिए। खाली जोडाजवळच्या पट्टीचं चित्र, साधी कडी कशी लांबते आणि जोडलेली कशी तुटते ते. अलॉयची साखळी वेल्ड करायची नाही, ती तोडून टाकायची, हे ठळक अक्षरांत. कारखान्याचं नाव नाही, बाबांचं नाही, माझं नाही. झेरॉक्स काढून मी पाळी सुटताना हथखोजच्या चौकात उभी राहिले आणि पत्रक वाटलं. लोकांनी घेतलं. दोघांनी मला नमस्कारही केला. थोड्या वेळानं मी पलीकडच्या ठेल्यावर चहा प्यायला गेले, तर ठेलेवाला त्याच कागदावर समोसे देत होता. माझ्या समोरच्या माणसाच्या समोशाखालून ‘उसे एक बार देखिए’ एवढंच दिसत होतं.

भाऊ घरी आला तो रागानं लाल होऊन.

“आता मले सगळे ‘चेनवाले भैया’ म्हणून राहिले. फोरमन म्हणते, तुम्हारे घर में झगड़ा है तो घर में सुलझाओ. ताई, तुले काय भेटते हे करून?”

“तू त्या साखळीखाली उभा राहतोस.”

“तं? सारेच उभे राहतात.”

“म्हणूनच सगळ्यांसाठी लिहिलं.”

बाबा खाटेवर बसून पत्रक वाचत होते. खिशातून चष्मा काढून, सावकाश, लहानपणी माझ्याकडून वाचून घ्यायचे तसं. वाचून झाल्यावर त्यांनी ते चार घड्या करून उशीखाली ठेवलं.

“शुद्धलेखन चांगलं आहे,” ते म्हणाले. “बापाविरुद्ध आहे, पण चांगलं आहे.”

“बाबा, तुमच्याविरुद्ध नाही.”

“मंग कोणाविरुद्ध आहे? भिलाईत दुसरा कोण जोडते असं?”

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, त्यांनी स्कूटर काढली आणि अंगणातून हाक मारली. “ये वो. तुले पाह्याचं आहे ना तुटताना? चाल.”

साखळी दुरुस्त करताना शेवटच्या टोकाच्या उरलेल्या दोन कड्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. तेच पोलाद. सुपेल्याच्या दुकानात त्यांनी त्यातली एक कापली आणि पुन्हा जोडली, अगदी त्या साखळीला जोडली होती तशी. घाई नाही, निष्काळजीपणा नाही. चष्मा खाली, हात स्थिर. जोड निवल्यावर ग्राइंडर फिरवला. मग दुकानवाल्या मित्राला म्हणाले, “घन आण.”

आधी न जोडलेली कडी ऐरणीवर उभी धरून मित्रानं घन घातला. ती चेपली. दुसऱ्या घावाला आणखी चेपली, लांबट झाली, पण अखंड. मग जोडलेली. पहिल्या घावाला ती चेपली नाही, नुसती वाजली. दुसऱ्या घावाला तिचा तुकडा उडून शटरवर आदळला.

बाबा वाकून तो तुकडा शोधू लागले. सापडल्यावर उजेडात धरला. तुटलेला पृष्ठभाग दाणेदार होता, साखरेसारखा चमकत होता. त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“पाह्य!” ते म्हणाले. “जोड पाह्य. तुटला का जोड? सांग.”

खरोखरच जोड तुटला नव्हता. तो जसाच्या तसा होता. कडी त्याच्या अगदी शेजारी तुटली होती.

“बाबा, कडी तुटली.”

“कडी तुटली. जोड नाई तुटला. तू लिवलं ते का लिवलं? जोडलेली कडी तुटते. जोड तं हा राहिला.”

“मी जोडाजवळची पट्टी असं लिहिलंय! चित्र काढलंय!”

“चित्रात जोड काळा केला तू.”

“खाली जो उभा असेल त्याला काय फरक पडतो? त्याच्या डोक्यात जोडातून तुटलेली पडली काय न् शेजारून तुटलेली पडली काय?”

हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मित्र घनाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. “भाऊ,” तो हळूच बाबांना म्हणाला, “छोकरी सही तो बोल रही है।”

“तू चाय मँगा,” बाबा त्याच्यावर खेकसले. पण तुकडा त्यांनी खिशात टाकला आणि चहा येईपर्यंत खिशातला हात बाहेर काढला नाही.

सोमवारी सकाळी ते भावाच्याही आधी तयार होते. आम्ही हथखोजला पोचलो. बाबांनी टेबलावर तुकडा ठेवला आणि फोरमनला सांगितलं, साखळी काढ, आजच कापून टाकतो. जोड चांगला आहे, पण शेजारी धोका आहे. ‘जोड चांगला आहे’ हे आधी.

फोरमननं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “अंकल, वो चेन तो गई। पर्चा बँटा, तो मालिक बोले झंझट खतम करो। रसमड़ा में एक पार्टी को जरूरत थी, दे दी।”

“भंगारमध्ये?” मी विचारलं.

“भंगार में क्यों मैडम? चालू चेन थी।”

मी बाहेर आले. पत्रक वाचलं गेलं होतं तर! मालकानं वाचलं होतं. त्याला धोका नेमका कळला होता, आणि त्यानं तो उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला होता. माझं आजवरचं सगळ्यात परिणामकारक लिखाण हेच.

भाऊ हातमोजे चढवत माझ्यामागून आला. त्याचा राग गेला होता. “झालं ना, ताई? आता आमच्या इथं नाई ते. नवी आणून राहिले. आता बस कर.”

“आणि रसमड्याला तिच्याखाली जो उभा राहील तो?”

“तो का तुहा भाऊ आहे?”

त्यानं हे दुष्टपणानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर देण्याआधी बाबांनी स्कूटरला किक मारली होती. “बस मागं,” ते म्हणाले.

दुर्ग ओलांडून आम्ही रसमड्याच्या औद्योगिक वसाहतीत पोचलो. बाबांनी फोरमनकडून विचारून घेतलेली शेड सापडली. एक ट्रक आत शिरत होता, त्याच्या मागोमाग आम्हीही शिरलो. सुपरवायझर तरुण होता, कानात फोनची तार. बाबांनी त्याला सांगितलं, हथखोजहून आलेली साखळी दाखवा, तिच्यात माझा जोड आहे, शेजारी धोका आहे. त्यानं हात झटकून साखळ्या टांगायच्या घोडीकडे दाखवलं. लोखंडी घोडीवर पाच-सहा साखळ्या लटकत होत्या. सगळ्या चंदेरी. पूजा तिथंही झाली होती.

बाबा पहिल्या साखळीजवळ गेले आणि एकेक कडी बोटांमधून फिरवू लागले. अंगठ्यानं दाबून, नखानं रंग खरवडून. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर ते थांबले, पुन्हा मागे गेले. मग माझ्याकडे वळले.

“सापडत नाई वो.”

मला ओरडावंसं वाटलं. इतकं साफ करायला कोणी सांगितलं होतं? आपली चूक झाकायला आपलीच कारागिरी अशी कामाला येते, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण ते घामानं भिजले होते आणि बोटांना चंदेरी रंग लागला होता.

सुपरवायझर हसला. “अंकल, जब आपको ही जोड़ नहीं मिल रहा, तो टूटेगा कहाँ से?”

तेवढ्यात ट्रकमधल्या प्लेटा उतरवायला एक लोडर साखळी न्यायला आला. त्यानं घोडीकडे हात केला आणि बाबांनी त्याच्या आधीच एक साखळी ओढून जमिनीवर टाकली. मग दुसरी. तिसरीला मी हात लावला, कारण ती त्यांना एकट्यानं पेलेना. सगळ्या खाली आल्यावर बाबा त्या ढिगावर बसले. मांडी घालून, गेटवरच्या धरण्याला बसायचे तसे.

लोडर घाबरला. “का होगे बबा? चक्कर आगे का?”

“नइ बेटा,” बाबा छत्तीसगढीत म्हणाले, “बइठे हौं।”

“काबर?”

“तोर मुड़ी बर।” तुझ्या डोक्यासाठी.

लोडरला यातलं काही कळलं नाही, पण तोही उकिडवा बसला. काम न करायला कारण मिळालं तर कोण सोडतं? क्रेनवाल्यानं वरून वाकून पाहिलं. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मग दाबूनच धरला. सुपरवायझरनं कानातली तार काढली. आधी त्यानं अंकल म्हणून पाहिलं, मग पोलिसांना बोलवू का विचारलं. मी त्याला साखळीचं सांगायला लागले. इलेक्ट्रॉन, थर, पट्टी, सगळं. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्याला फक्त हॉर्न ऐकू येत होता.

“अरे यार!” शेवटी तो ओरडला. “वो वाली है। नीचे वाली, जिसके हुक पे लाल पट्टी है। वही आई है हथखोज से। उसको ले के जो करना है करो, बाकी छोड़ो।”

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. बाबा कड्या चाचपत होते तेव्हा तो उभा राहून मजा पाहत होता.

गॅस कटर आला. बाबांनी उठून साखळी वेगळी केली आणि प्रत्येक कडी कापून घेतली. कापणाऱ्याला दोनदा सांगितलं की ज्योत तिरपी धर. तुकडे भंगाराच्या पेटीत पडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. क्रेन दुसरी साखळी घेऊन ट्रककडे निघाली आणि लोडर तिच्यामागे, तिच्या खालून, धावत गेला.

“अंकल,” सुपरवायझर तार कानात घालता घालता म्हणाला, “यहाँ हर दुकान में दो-चार ऐसी लटकी हैं। किस-किस पे बैठोगे?”

बाबा पँट झटकत होते. त्याच्याकडे न पाहता ते मला म्हणाले, “त्याले सांग, जोड चांगला होता.”

“मी नाही सांगणार.”

“मंग नको सांगू.”

फाटकाबाहेर येऊन त्यांनी स्कूटर सुरू केली. पण दुर्गच्या बाजूला न वळवता पुढच्याच शेडसमोर नेऊन उभी केली. तिथं फाटक बंद होतं. खिडकीतून पहारेकऱ्यानं तोंड बाहेर काढलं.

“किस कंपनी से?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“किसी से नहीं,” मी म्हणाले.

“तो फिर?” त्यानं विचारलं.